जखम भरण्याचा गुण

रंगारी भिंत रंगवून शिडीवरून उतरला, की त्याचा मेहुणा गुपचूप वर चढायचा आणि राहून गेलेला पट्टा रंगवून टाकायचा. डाव्या अंगाला, वरच्या बाजूला, नेहमी तिथेच. शेवटी मेहुणा तापाने घरी राहिला आणि एका घरमालकिणीने विचारलं, "हे डिझाइन आहे का?"

"मला सांगितलं का नाहीस?" रंगारी मेहुण्यावर उखडला.

"शिडीवर असताना कसं सांगू, भाऊजी? पडला असतात."

"आणि उतरल्यावर?"

"उतरल्यावर तुम्ही खुशीत असायचात."

तपासणीत काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा होत नव्हता, दाब वाढून आतली नस सुकत चालली होती. उजवा डोळा थेंबांवर ताळ्यावर आला. डाव्यासाठी डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून पाण्याला बारीकशी वाट पाडून दिली.

आता रंगाऱ्याच्या घराण्यात जखमा भराभर भरायच्या. त्याचे वडील एकदा छपरावरून पडले, ते चार दिवसांत पुन्हा छपरावर. हा गुण लेकात पुरेपूर उतरला होता. शरीराने डोळ्यातली वाट मोठ्या तत्परतेने बुजवून टाकली.

"तुमची जखम फारच छान भरली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आभारी आहे."

"हे वाईट झालं."

बायकोने सुस्कारा टाकला. "एका गोष्टीत हुशार निघाले, तर तीही नडली."

डॉक्टरीणबाईंनी मग नळीचं सुचवलं. सुईच्या नेढ्यातून जाईल एवढी बारीक. तिचं एक टोक डोळ्यात, दुसरं वरच्या पापणीआड लपवलेल्या चपट्या चकतीला जोडलेलं. भोवतीची जखम भरली तरी चकती जागा अडवून बसते आणि पाणी तिथे मुरत राहतं.

"मग सगळं दिसेल?"

"आहे तेवढंच दिसेल. गेलेलं परत येत नाही."

"म्हणजे एवढं करून आहे तिथेच?"

"आहे तिथे राहणंच अवघड असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नळी बसली. नातेवाईक फळं घेऊन आले. "काय, दिसतंय का?"

"पूर्वीइतकंच."

थोरले काका जरा थांबले. फळं इथेच ठेवावीत की नाही, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला. ठेवली त्यांनी, पण मन लावून नाही.

महिने गेले. दाब उतरला तो उतरलेलाच राहिला. डॉक्टरीणबाईंनी नजरेचा जुना आणि नवा नकाशा शेजारी शेजारी धरला आणि चक्क हसल्या. "उत्तम! काहीही फरक नाही."

रंगारी उठला. जिना उतरून रस्त्यावर आला, चष्मा काढला आणि बाहीने डोळे पुसू लागला. बायको घाबरली.

"अहो, नळी गळतेय का?"

"नाही गं," तो म्हणाला. "हे माझं मीच."