बांधामागची घरं

ज्या ठरावासाठी फ्राउके हिनरिक्सनने तीन वर्षं जिवाचं रान केलं, तो मतदानाला आला तेव्हा तिलाच खोलीबाहेर जावं लागलं. नियमच तसा होता. समुद्र अडवणाऱ्या बांधामागच्या कुरणावर बारमाही राहणाऱ्यांसाठी स्वस्त भाड्याची घरं व्हायची होती, आणि कुरणाला लागूनच तिच्या धाकट्या भावाचं, बोयेचं, घर होतं. ते तो सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायचा. ज्याचा नफा-तोटा गुंतलाय तो आणि त्याची सख्खी माणसं, सगळ्यांनी बाहेर बसायचं. मग ती ओस्टरहूक बेटाची सरपंच का असेना.

बोयेही पंचायतीचा सभासद होता. त्यामुळे बहीण-भाऊ सभा भरली होती त्या अग्निशमन केंद्राच्या पॅसेजमध्ये, रबरी बुटांच्या रांगेसमोर, एकाच बाकावर येऊन बसले. वर्षभरात दोघं इतकी जवळ बसली नव्हती.

"या, सरपंचबाई," बोये म्हणाला. "तुमच्याच सभेतून तुम्हाला हाकललं."

"तुझ्यामुळे."

"मी काय कुरणाला सांगितलं होतं, माझ्या शेजारी येऊन पसर म्हणून?"

फ्राउकेने हसू दाबलं. आत कुणीतरी तावातावाने बोलत होतं. हिवाळ्यात बेटावरच्या निम्म्या घरांत दिवा लागत नसे. शाळेत एकच वर्ग उरला होता. बेकरीला हाताखाली माणूस मिळत नव्हता, कारण माणसाला राहायला जागा मिळत नव्हती. पण जुन्या लोकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. एकदम चाळीस घरं उठवली तर पाणी कुठून आणायचं, सांडपाणी कुठे सोडायचं? म्हणून तिने आकडा बारावर आणला होता आणि बांधालगतचा ओला पट्टा पक्ष्यांसाठी मोकळा ठेवला होता.

"माझे पाहुणे समुद्र बघायला येतात," बोये म्हणाला. "दुसऱ्यांच्या वाळत घातलेल्या चड्ड्या बघायला नाही."

"इम्के चाललीये, माहितीये ना?"

"माझ्या वरच्या मजल्यावरची? हो, मीच सांगितलंय. मार्चपासून तिथेही पाहुणेच ठेवणार आहे. पलीकडे किनाऱ्यावर घरं मिळतात की."

"मिळालंय तिला. सकाळच्या बोटीने कामाला येणार म्हणते."

"मग झालं तर!"

"आपल्या आईला रोज सकाळी उठवून अंघोळ कोण घालतं रे?"

बोयेने तिच्याकडे पाहिलं. इम्के वृद्धाश्रमात काम करते एवढं त्याला ठाऊक होतं. पण तो तिथे आईकडे जायचा रविवारी, आणि रविवारी इम्केची सुट्टी असायची.

"वारा सुटला की बोट बंद," फ्राउके म्हणाली. "त्या दिवशी तू जाशील?"

बोयेने समोरचा एक आडवा पडलेला बूट उभा केला. मग म्हणाला, "हे बाहेर यायच्या आधी आत का नाही बोललीस? सगळे तुझ्या बाजूने झाले असते."

"तुला चारचौघांत मान खाली घालायला लावू? आई काय म्हणाली असती मला?"

तेवढ्यात दार उघडलं. ठराव एका मताच्या फरकाने पास झाला होता, पण घरं आठच. उरलेली चार नवी पाण्याची लाइन आल्यावर. फ्राउकेला आनंद व्हावा की राग यावा, कळेना. बोये निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने इम्केची घंटा वाजवली. तिने दार अर्धंच उघडलं.

"नवी घरं होईपर्यंत राहा तुम्ही," तो म्हणाला.

"आणि भाडं?"

"तेच."

"बहिणीने पाठवलंय का?"

"नाही. मीच आलोय."

इम्केने नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं आणि दोन दिवस त्याला ताटकळत ठेवलं. मग ते राहिले.

घरं व्हायला अडीच वर्षं लागली. आठ घरांसाठी इतके अर्ज आले की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. इम्केला घर मिळालं. बोटीवरच्या तिकीटवाल्याच्या मुलाला मिळालं नाही. तो बायकापोरं घेऊन पलीकडच्या किनाऱ्यावर राहायला गेला, आणि त्याच्या आईने सबंध हिवाळा फ्राउकेशी बोलणं टाकलं. बोयेने वरचा मजला शाळेच्या नव्या शिक्षिकेला दिला. "एका वर्षापुरताच हं," असं तो भेटेल त्याला बजावत होता.

पुढच्या सभेत फ्राउकेने पाण्याच्या लाइनचा विषय पहिला घेतला.