घोडदौड

पियानो जुळवणाऱ्या काकांचे कान भलते तिखट. पियानो शिकवणाऱ्या बाईंच्या घराचा जिना चढतानाच त्यांना कळलं, काहीतरी बिनसलंय. वर बाईंची भाची सराव करत होती. दीडशे वर्षांपूर्वी एकट्या पियानोसाठी लिहिलेली सतरा पानांची रचना. उजव्या हाताला क्षणाची उसंत नाही, म्हणून बाई तिला घोडदौड म्हणत. स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. आणि अकराव्या पानावर वरचा सूर पुसट होत होता. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच.

आत गेल्यावर काकांनी आधी तिचा उजवा हात पाहिला. करंगळी आणि शेजारचं बोट आपोआप तळव्याकडे वळत होतं. मुलगी डाव्या हाताने ती सरळ करी आणि परत सुरू. दुखतं का, असं काकांनी विचारलं, तर म्हणाली, अजिबात नाही. पंचवीस वर्षांपूर्वी याच खोलीत, याच रचनेपायी, बाईंची बोटं अशीच वळायला लागली होती. त्याही तेव्हा दुखत नाही म्हणाल्या होत्या. त्यानंतर बाईंनी फक्त शिकवलं.

भाची चहा ठेवायला आत गेली, तेव्हा काका हळूच म्हणाले, "बाई, तुम्हाला दिसतंय ना?"

बाईंनी उजवा हात शालीखाली सरकवला. "दिसतंय. माझी बोटं स्पर्धेच्या आठ दिवस आधी गेली; मला तेवढे आठ दिवस कमी पडले. तिला नाही पडणार."

पुढे बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. काकांनी पियानो उघडला, स्क्रू सैल केले, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचा अख्खा सांगाडा बाहेर काढून चादरीत गुंडाळला. हातोड्यांवरची लोकर झिजलीय, महिनाभर लागेल, अशी थाप भाचीला मारली. बाईंनी ती ओळखली; पण भाचीसमोर काही बोलता येईना. ओझ्याने काकांची कंबर मोडायला आली होती, तरी जिना उतरताना जिवाला जरा बरं वाटलं.

चौथ्या दिवशी राहवेना, म्हणून दुपारी ते परत गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून लाकडावर बोटं आपटल्याचा आवाज येत होता, भरधाव, न थांबता.

जेवणाच्या टेबलावर खडूने पियानोच्या पट्ट्या आखल्या होत्या. भाची डोळे मिटून त्यांच्यावर वाजवत होती आणि बाई शेजारी बसून ताल मोजत होत्या.

काकांनी पुढे होऊन तिचं मनगट धरलं. "बाळा, बास कर. माझ्याबरोबर डॉक्टरकडे चल."

ती थांबली. बोटं मात्र काकांच्या हातात आपली आपण वळत राहिली. आता मधलंसुद्धा. मुलीने ते पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं.

"अकरावं पान," बाई म्हणाल्या. "पहिल्या ओळीपासून."

मुलीने हलकेच मनगट सोडवून घेतलं.