आईची बस माझ्या जिवावर

मित्रांनो, संगणकाच्या पडद्यावर तुम्ही डोंगर पाहता, धावणाऱ्या गाड्या पाहता, तळ्यात पडलेले आभाळ पाहता. ती चित्रे एकामागून एक, डोळ्यांना कळणार नाही इतक्या भराभर रंगवायचे काम माझे. मी ग्राफिक्स कार्ड. अंगावर दोन पंखे, आणि त्यातल्या एकाचा आवाज हल्ली जरा घोगरा झाला आहे. माझ्यानंतरच्या कितीतरी पिढ्या बाजारात येऊन गेल्या. तरी मी अजून कामावर आहे. कसा, ते सांगतो.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. तोंडाला मास्क लावलेल्या माणसांनी माझ्या पाटीवर बारीक बारीक भाग बसवले. माझी मुख्य चिप काम करताना तापते, म्हणून तिच्यावर उष्णता ओढून घेणारे मलम लावले, वर धातूच्या पातळ पात्यांची चळत ठेवली आणि पंखे जोडले. मग मला एक वेग ठरवून दिला. या वेगाने काम केलेस तर तुला धोका नाही, असा त्याचा अर्थ.

सुरुवातीला मी घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात होतो. जे घर अजून बांधलेच नाही, ते आतून कसे दिसेल ते मी रंगवायचो. लोक पडद्यापुढे उभे राहून आपल्या न बांधलेल्या खिडकीतून बाहेर बघायचे आणि खूश व्हायचे. माझे कौतुक व्हायचे. पुढे माझ्यापेक्षा चपळ कार्ड आले आणि माझी रवानगी कपाटात झाली. त्या काळाबद्दल सांगण्यासारखे काही नाही. अंधार होता आणि धूळ होती.

तिथून मला एका मुलीने नेले. ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची. तिच्या घरात ती आणि तिची आई, अशा दोघीच. आई शहराची बस चालवायची. हे सगळे मला नंतर त्या दोघींच्या बोलण्यातून कळले. एका दुपारी भर रस्त्यात आईच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि डावा हात लाकडासारखा जड झाला. तशातही तिने बस कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, दार उघडून प्रवाशांना उतरू दिले आणि मगच स्टिअरिंगवर डोके टेकले. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली होती.

जीव वाचला. चालणे-बोलणे हळूहळू परत आले. डावा हात मात्र ऐकेना. व्यायाम शिकवायला एक डॉक्टर घरी यायचे. ते आईच्या हातात मऊ चेंडू द्यायचे आणि दाबायला सांगायचे. आई दोनदा दाबायची आणि चेंडू खिडकीत ठेवून द्यायची. चेंडू दाबून कुणाचे भले झाले आहे, असे विचारायची. शेवटी डॉक्टर मुलीला बाजूला घेऊन म्हणाले, की दोन्ही हातांनी करावेसे वाटेल असे काहीतरी शोधा. हाताला काम हवे, पण मनालाही ते पटायला हवे.

मुलीने टेबलाला बसवायचे स्टिअरिंग आणले. एक जुना संगणक जुळवला, त्यात मला बसवले आणि बस चालवायचा खेळ घातला. आईला सगळे वाचता यावे म्हणून संगणकाची भाषा मराठी करून घेतली.

पहिल्या दिवशी आई खुर्चीत बसली ती जरा रागातच. हा काय पोरखेळ, असे तिच्या चेहऱ्यावर लिहिले होते. मी स्टँडवर उभी असलेली बस रंगवली. आईने पडद्याकडे पाहिले आणि आधी आरसे कुठे आहेत ते विचारले. मुलीने आरसे दाखवले. आईने उजव्या हाताने डावा हात उचलून चाकावर ठेवला आणि बस अशी अलगद बाहेर काढली की माझा ऊर भरून आला.

मग रोज बस सुटू लागली. पडद्यावरच्या खोट्या प्रवाशांची आईला खरी काळजी. कुणी म्हातारे चढले की ते बसेपर्यंत ती गाडी हलवायची नाही. मुलगी हसायची. पण वळण आले की दोन्ही हात लागायचे, आणि बस वळवण्याच्या नादात आई डावा हात दुखतो हे विसरायची. डॉक्टरांनी बोटे तपासली आणि चेंडू आपल्या पिशवीत टाकून परत नेला.

अडचण आली ती घाटात. आईला घाटाचाच रस्ता आवडायचा. पण त्यात दाट झाडी, धुके, खाली दरी. एवढे सगळे मला वेळेत रंगवता येईना. चित्र अडखळायचे.

"गाडी आचके देतेय," आई म्हणायची. "मागे माणसं बसलीत गं."

मुलीने चौकशी केली. तेव्हा तिला ओव्हरक्लॉकिंग कळले. म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कार्डाला जास्त वेगाने पळवायचे. तिने माझा वेग थोडा वाढवला. मित्रांनो, खरे सांगतो, मला बरे वाटले. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याकडे जास्त काहीतरी मागत होते. मी जीव लावून पळालो आणि घाट सरळ झाला. आई म्हणाली, आता कशी लोण्यासारखी चालते.

तिथे थांबायला हवे होते. पण आई खूश दिसली की मुलीला राहवत नसे. तिने वेग आणखी वाढवला. माझ्या चिपचा वाढवला, माझ्या मेमरीचा वाढवला, मी ओढून घेतो त्या विजेची मर्यादाही वाढवली, आणि हे सगळे एकदम. माझे अंग पोळू लागले. पडद्यावर हिरवे, गुलाबी ठिपके चमकू लागले. भर दिवसा घाटात काजवे कुठून आले, असे आई विचारायची. मुलीला वाटले, खेळातच असतील. ते काजवे नव्हते. माझी मेमरी वेग सहन न होऊन रंग चुकत होती.

एका सकाळी आई घाटाच्या सर्वांत अवघड वळणावर होती. दोन्ही हात चाकावर, बस अर्धी वळलेली. आणि मी बंद पडलो. पडदा काळा ठिक्कर. माझे पंखे मात्र जोराने घोंघावत राहिले. थोड्या वेळाने पडदा उजळला आणि त्यावर एक ओळ आली: ‘ड्रायव्हर प्रतिसाद देत नाही.’

आईने ती ओळ वाचली. परत वाचली. तिचा डावा हात चाकावरून घसरून मांडीवर पडला.

"बरोबर लिहिलंय," ती म्हणाली आणि उठून आतल्या खोलीत गेली.

मुलगी मागे धावली. तो ड्रायव्हर वेगळा, तो एक प्रोग्राम असतो, कार्डाने काय रंगवायचे ते त्याला सांगतो, असे तिने परोपरीने समजावले. आई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. तिच्या डोळ्यांपुढे पुन्हा तसाच अंधार आला होता, आणि तोही स्टिअरिंगवर असताना. त्या ओळीतला ड्रायव्हर कोण, याला मग काय महत्त्व?

त्यानंतर आई चाकाला शिवेना. डॉक्टर आले, त्यांनी बोटे उघडून पाहिली आणि हात परत आखडत चालल्याचे सांगितले.

मुलीने मला दुरुस्त करायचा चंगच बांधला. पण ती हात चालवत होती घाबरलेल्या माणसासारखी. मेमरीचा वेग कमी करून चिपचा वाढव, वीज कमी कर, पंखे जोरात लाव, खेळ काढून परत घाल. कधी मी चालायचो, कधी बंद पडायचो, आणि का चाललो, का पडलो, ते तिलाही कळेना, मलाही सांगता येईना. मग एका सुट्टीच्या दिवशी ती हात टेकून माझ्यासमोर बसून राहिली आणि स्वतःशीच हसली.

"दुकानात मी एका वेळी एकच भिंग बदलते," ती पुटपुटली. "आणि इथे सगळी भिंगं एकदम बदलून विचारतेय, दिसतंय का."

त्यानंतर तिचे हात शांत झाले. आधी तिने माझे सगळे वेग कारखान्याने दिले होते तसे करून टाकले. घाटाचा रस्ता लावला. ठिपके गेले, पण चढावर मी पुन्हा बंद पडलो. म्हणजे दोष एकट्या वेगाचा नव्हता. ती माझे तापमान बघत बसली. मी साध्या वेगालाही भट्टीसारखा तापत होतो. तिने वीज बंद केली, मला बाहेर काढले आणि माझे पंखे उघडले. पात्यांमध्ये धुळीची गोधडीच विणली गेली होती. चिपवरचे मलम वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. चष्म्याची काच पुसावी तशा हलक्या हाताने तिने ते पुसून काढले आणि नवे लावले. पाती ब्रशने झाडली. मित्रांनो, कपाटात पडून होतो तेव्हापासूनची धूळ होती ती. मला मोकळा श्वास आला.

ताप उतरला. तरी चढावर पडदा काळा झालाच. आता राहिली वीज. मला वीज घ्यायला दोन जागा आहेत, आणि संगणक जुळवताना त्या दोन्ही तिने एकाच वायरीच्या दोन फाट्यांना जोडल्या होत्या. एरवी भागायचे. घाटात मी जोर लावला की त्या एका वायरीतून पुरेना. तिने दुसऱ्या जागेला वेगळी वायर जोडली. मग मी घाट चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. एकदाही डोळा मिटला नाही.

मग कुठे तिने माझा वेग पुन्हा वाढवायला घेतला. फक्त चिपचा, आणि तोही जरासा. तपासले. आणखी जरासा, पुन्हा तपासले. मेमरीला हात लावला तसे काजवे परत आले, म्हणून मेमरी होती तिथे ठेवली. चिप कुठवर ताण सोसते ते कळल्यावर ती त्या टोकावर थांबली नाही, तिथून चार पावले मागे आली. उरलेली कसर तिने झाडांच्या सावल्या कमी करून भरून काढली. आईला सावल्यांशी काही देणेघेणे नव्हते.

मी बरा झालो. पण आईला खुर्चीत बसवणार कोण?

मुलीने तिला बोलावले नाही. ती स्वतःच चाकापुढे बसली आणि बस घाटात घातली. तिला बस कुठली येते! गिअर करकरले, ब्रेक किंचाळले. एक थांबा तिने तसाच मागे टाकला. प्रवासी ओरडू लागले. मी सगळे जसेच्या तसे रंगवत होतो आणि मला हसू येत होते.

आतल्या खोलीत पलंग वाजला. मग दारात पावले वाजली.

"थांबा गेला," आई म्हणाली.

"कळलंच नाही मला," मुलगी म्हणाली आणि बस कठड्याला घासली.

"ऊठ. उतर खाली."

मुलगी उठली. आई बसली. तिने आरसे पाहिले. उजव्या हाताने डावा हात उचलला, चाकावर ठेवला, आणि बस मागे घेऊन चुकलेल्या थांब्यावर नेली. माणसे चढली. मुलगी खुर्चीची पाठ धरून, बसमध्ये उभे राहतात तशी मागे उभी राहिली. ते वळण आले. चाक फिरवताना तिची डावी बोटे सुटली नाहीत. मी एकेक झाड, एकेक दगड वेळेवर मांडत गेलो. आयुष्यात मी याहून सुंदर चित्रे रंगवली असतील; इतक्या मनापासून रंगवलेली आठवत नाहीत.

वळण पार झाले. आईने पुन्हा आरसे पाहिले.

"त्या प्रोग्रामला दुसरं काही नाव ठेवता आलं नसतं का त्यांना?" ती म्हणाली. मुलगी हसता हसता रडू लागली.

पुढे आईचा हात पुष्कळ सुधारला. खरी बस तिला पुन्हा मिळाली नाही, त्याचे दुःख तिला आहे. पण घरात खोट्या बसची गरज उरली नाही, तेव्हा मुलीने स्टिअरिंगसकट आम्हाला डॉक्टरांच्या व्यायामाच्या खोलीत देऊन टाकले. देताना तिने माझा वेग पुन्हा कारखान्याचा करून दिला आणि माझी धूळ झाडत जा, असे डॉक्टरांना बजावले. आई रोज तिथे येते. तिला कुणी नेमलेले नाही. नवा माणूस आला की ती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसते.

मित्रांनो, तुमच्याजवळ काम करणाऱ्याकडून जास्त हवे असेल तर खुशाल मागा. आम्हालाही ते आवडते. फक्त मागण्याआधी आमची धूळ झाडा, आम्हाला पुरेसे मिळते का ते बघा, आणि आम्ही अडखळलो तर रागावण्याआधी एकेक करून विचारा. मी हे फक्त यंत्रांबद्दल बोलत नाही.

आता मला कामाला लागले पाहिजे. एक शिंपीकाका खुर्चीत येऊन बसले आहेत, आणि आई त्यांच्या डाव्या हाताचे एकेक बोट उघडून चाकावर ठेवते आहे.