डोक्यावर बसलेली निळी बॅग

मित्रांनो, माझा मूळ रंग गडद निळा आहे. आता तो फक्त खिशांच्या आतल्या बाजूला शिल्लक राहिलाय, म्हणून आधीच सांगून ठेवते. बाकी मी ऊन, धूळ आणि खारा वारा खाऊन राखाडी झालेली एक जुनी कापडी बॅग आहे. विमानात प्रवाशांच्या डोक्यावर जो कप्पा असतो, त्यात मावेन एवढी लहान. माझ्या एका कोपऱ्याला ठिगळ आहे, चाकं मागाहून बदललेली आहेत आणि फार जवळ आलात तर सुकटीचा वास येईल. तो कसा आला तेही सांगते.

माझा जन्म नाशिककडच्या एका कारखान्यात झाला. माझी मूठ शिवणाऱ्या बाईंनी त्या जागी एक टीप मारली, मग बोटाने ओढून पाहिलं आणि मान हलवून पुन्हा वरून टीप मारली. त्या बाईंचं नाव मला कधी कळलं नाही. पण आजवर कुणीही मला मुठीला धरून उचललं की मला त्यांची आठवण येते.

तिथून मी पेणला, सुशीलशेठच्या दुकानात आले. दुकान बाजारपेठेत होतं आणि समोरच गणपतींचा कारखाना. मला वरच्या फळीवर ठेवलं होतं, त्यामुळे समोरचं सगळं दिसायचं. गणपती गवतात गुंडाळून, खोक्यांत बसून परदेशी निघायचे. आणि मी, जिला प्रवासासाठीच जन्माला घातलं होतं, ती फळीवर! खालच्या रांगेत चकचकीत, टणक अंगाच्या बॅगा होत्या. कुणावर फुलं, कुणावर फुलपाखरं. गिऱ्हाईक आलं की त्या चार चाकांवर गोल फिरून दाखवायच्या. माझ्याकडे कुणी बघायचं नाही. एकदोनदा सुशीलशेठनेच मला खाली काढलं, धूळ झटकली आणि परत वर ठेवलं.

मग एका दुपारी दुकानात मायलेकी आल्या.

मुलीचं नाव भाविका. ती खाडीकाठच्या गावातली, पण रोज उठून कोलाडला जायची. तिथे कुंडलिका नदीला धरणाचं पाणी सोडलं की लोकांना रबरी राफ्टमध्ये बसवून उसळत्या पाण्यातून न्यायचं, हे तिचं काम. त्या वर्षी तिची निवड लडाखमधल्या एका प्रशिक्षणासाठी झाली होती. झांस्कर नावाच्या नदीवर मोठ्या राफ्टची प्रमुख होण्याचं प्रशिक्षण. पहिलाच विमानप्रवास. कोलाडच्या एका गाईडची मोठी बॅग विमानातून भलत्याच गावी गेली होती आणि तो बिचारा उसने सैल बूट घालून नदीवर उभा राहिला होता. म्हणून भाविकाने ठरवलं होतं की हेल्मेट, बूट, गरम कपडे, सगळं जवळच्या बॅगेत न्यायचं. बॅग लहान हवी, हलकी हवी आणि दगडधोंड्यांत टिकायला हवी.

आईचं नाव सीताबाई. तिची उमर मिठागरात गेलेली. ती प्रत्येक बॅगेत खोट काढत होती. एक फार चकाकते. दुसरीची चेन किरकिरते. तिसरी सुंदर आहे, पण दगडावर पडली तर मडक्यासारखी फुटेल. चौथी एवढीशी, हिच्यात काय मावणार. सुशीलशेठ घामाघूम झाला. दुकानातल्या सगळ्या बॅगा जमिनीवर आल्या. शेवटी तो स्टुलावर चढला आणि त्याने मला खाली घेतलं.

तोवर मला एक गोष्ट कळून चुकली होती. बाई बॅगेत खोट काढत नव्हती. बॅगच मिळाली नाही तर पोर जाणार नाही, असं तिच्या मनात होतं. नाहीतर ती तेवढ्यात मुलीच्या दंडाला धरून असं बोलली नसती.

"खाडीचं पानी मना वलखतं गो," ती हळूच म्हणाली. "त्या डोंगरांचं पानी तुना वलखतं का?"

 भाविकाने माझी मूठ ओढून पाहिली, चाकं हातानं फिरवली, माझ्यात शेजारच्या किराणा दुकानातली वजनं भरून चेन लावली आणि मला आईपुढे ठेवलं.

"तूच बघ," ती म्हणाली. "तू नाय म्हनलीस तर नाय जानार."

सीताबाईने पदराची चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली आणि मिठाची टोपली उचलावी तसं मला उचलून वर घेतलं. हात सोडले. दुकानाच्या पायऱ्या उतरली, रस्त्यावर आली, रिक्षाला वाट दिली, समोरच्या गणपतीच्या कारखान्यापर्यंत गेली आणि वळून परत आली. रंगाचे हात घेऊन कारागीर बाहेर आले होते. मी एकदासुद्धा डगमगले नाही. मित्रांनो, मला कुणी पहिल्यांदा प्रवासाला नेलं ते असं, डोक्यावर बसवून!

तिने मला खाली ठेवलं, माझ्यावरून एकदा हात फिरवला. खोट काढायला काही उरलं नव्हतं. डोळे पुसत ती म्हणाली, "हीच घे."

त्या संध्याकाळी भाविकाचे वडील पुंडलिक डोलवीच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आले. त्यांनी मला ओसरीवर पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि चहा मागितला. पण नंतर मला कोपऱ्यात ठेवताना ते गुणगुणत होते.

विमानतळावर आमच्याबरोबर प्रणित होता. तो रोह्याचा, कोलाडलाच गाईड, भाविकाबरोबर त्याचीही निवड झाली होती. त्याची बॅग टणक, लाल, चार चाकांची. गुळगुळीत फरशीवर ती अशी पळायची की प्रणित नुसतं बोट लावायचा. मी आपली दोन चाकांवर खडखडत मागून. प्रणितने माझी गंमत केली, मला बैलगाडी म्हणाला. मी मनावर घेतलं नाही. भाविकानेही नाही.

लेहच्या पुढे आम्ही जीपने निघालो. डोंगर उघडे, तपकिरी, खाली खोल नदी. छावणी जवळ आली आणि दरड कोसळलेली दिसली. रस्ता दगडांनी भरून गेला होता. तो मोकळा व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार होईल, असं तिथल्या मजुरांनी सांगितलं. आणि राफ्ट तर पहाटेच पाण्यात उतरणार होत्या. जो पोचणार नाही त्याचं प्रशिक्षण पुढच्या वर्षावर. दरड ओलांडून चालत जायला वाट होती, पण सामान ज्याचं त्याने न्यायचं.

प्रणितने लाल बॅग दगडांवर ओढली. पहिलं चाक लगेच गेलं, दुसरं थोड्या वेळाने. मग ती हातातून सुटून एका कातळावर आपटली आणि तिच्या अंगाला उभी चीर गेली. प्रणित तिला तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून उभा राहिला. मला तिची दया आली. विमानतळाच्या फरशीवर ती खरंच देखणी होती, दगडांसाठी ती बनलीच नव्हती.

भाविकाने टॉवेलची चुंबळ केली आणि मला डोक्यावर घेतलं. दोन्ही हात मोकळे, त्यामुळे तोल सावरायला आणि दगडाला धरायला मिळत होतं. हवा विरळ होती. ती चार पावलं टाकायची, थांबायची, श्वास घ्यायची. खाली नदी राखाडी रंगाची, मोठा आवाज करत चाललेली. तो आवाज ऐकून मलाही सीताबाईचं बोलणं पटलं. पलीकडे पोचल्यावर भाविकाने मला खाली ठेवलं आणि ती परत गेली. प्रणितची फुटकी बॅग दोरीने बांधून तीही डोक्यावरून आणली. मागून प्रणित दोन्ही हातांनी दगड धरत आला. पुढचा सगळा रस्ता तो मला ओढत होता, आणि बैलगाडीचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. दिवस मावळायच्या आत आम्ही छावणीत होतो.

नदीवर काय झालं ते मी पाहिलं नाही. मी तंबूत होते आणि छावणीतलं एक केसाळ कुत्रं माझ्यावर झोपत असे. प्रशिक्षण संपवून लेहला परतल्यावर भाविकाने घरी फोन लावला, त्यातून मला सगळं कळलं. घळीतल्या एका वळणावर राफ्ट उलटली होती. भाविका पाण्याखाली गेली, वर आली, राफ्टची दोरी पकडली, बाकीच्यांना एकेक करून ओढून घेतलं आणि राफ्ट सुलटी केली. शिकवणाऱ्यांनी त्याच दिवशी तिला सांगितलं की आता राफ्टची प्रमुख तू.

ती बोलायची थांबली. 

"आई, हायस ना?"

"हाय," सीताबाई म्हणाली. "जेवलीस का?"

त्यानंतरची वर्षं माझी सुखाची. अरुणाचलात मी बांबूच्या पुलावरून गेले, नेपाळात याकच्या पाठीवर बसले, जीपच्या टपावर गारा झेलल्या. गाईड लोक नवी बॅग घेण्याआधी मला उलटीसुलटी करून पाहायचे. चाकं मोठी आणि आत बसवलेली हवीत, मूठ वर आणि बाजूलाही हवी, रिकामी बॅग एका बोटावर उचलली गेली पाहिजे, हे भाविका त्यांना माझ्यावर हात ठेवून समजावून सांगायची. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

पुढे भाविकाला ऋषिकेशला कायमचं काम मिळालं. तिथल्या कंपनीने तिला पाण्यात बुडाली तरी आत थेंब न शिरणारी मोठी पिशवी दिली. मी गावीच राहिले. सुरुवातीला सीताबाईने माझ्यात वाल भरून ठेवले. मग सुकट. मग मी नुसतीच रिकामी, माळ्याखाली, माळ्यावरचं काही काढायचं असलं की पाय ठेवायला. खाऱ्या हवेने चेन गंजली. उंदराने एक कोपरा कुरतडला. माझ्यात पुन्हा कधी कपडे भरले जातील, ही आशा मी सोडून दिली होती.

भाविका दर फोनला आईला बोलवायची. सीताबाईचं उत्तर ठरलेलं, मिठागराचं काम हाय, नंतर बघू. मग एकदा भाविकाने व्हिडिओ पाठवला. शेजारची अनिता तो घेऊन आली आणि दोघी ओसरीवर बसून पाहू लागल्या. राफ्टमध्ये मोठमोठाली शहरातली माणसं, मागे उभी भाविका. ती ओरडली की सगळे वल्हं मारत, ती ओरडली की सगळे थांबत. सीताबाईने व्हिडिओ परत लावायला सांगितला. आणि परत.

"एवढी मानसं तिचं ऐकतात?" तिने विचारलं. अनिता हसून व्हय म्हणाली. सीताबाई उठली, आत आली आणि तिने मला माळ्याखालून बाहेर ओढलं.

पुंडलिक म्हणाले, नवीन घेऊ. ती ऐकेना. रोह्याला तिची बहीण राहते, तिच्याकडे जाताना ती मला घेऊन गेली. रोह्याच्या बाजारात गुणाजी नावाचे एक म्हातारे बॅगा आणि छत्र्या दुरुस्त करतात. त्यांनी माझी चेन काढून नवी लावली, दुसऱ्या एका जुन्या बॅगेची धड असलेली चाकं मला बसवली, कोपऱ्याला ताडपत्रीचं ठिगळ दिलं. माझी मूठ ओढून पाहिली आणि हिला काही करायला नको, असं म्हणाले. घरी सीताबाईने मला उन्हात ठेवलं. वास गेला, पण सगळा नाही.

मग सीताबाईने विमानतळ पाहिला. एकटीने. तपासणीत साहेबाने मला उघडायला लावलं, कारण आतली एक जाड पुडी त्यांना समजत नव्हती. ते मीठ होतं. आमच्या मिठागरातलं, मुलीसाठी नेतेय, असं तिने तिच्या हिंदीत सांगितलं. साहेबाने पुडी हुंगली, माझाही वास घेतला आणि घाईघाईने जा म्हणाला. विमानात एक भला माणूस मला वर ठेवायला उठला. तिने त्याला बसायला सांगितलं आणि मला स्वतः वर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेच्या काठावर वाळूत ती माझ्यावर बसली होती. मी फक्त बघणार, असं तिने आल्या आल्याच जाहीर केलं होतं. भाविकाने आग्रह केला नाही. तिने बाकीच्यांना जाकिटं घातली, राफ्टमध्ये बसवलं. मग एक केशरी जाकीट घेऊन ती आईसमोर आली आणि ते पुढे धरून उभी राहिली.

सीताबाईने नदीकडे पाहिलं. मुलीकडे पाहिलं. मग ती उठली, लुगड्याचा काष्टा आवळला आणि दोन्ही हात पुढे केले. भाविकाने तिला जाकीट घातलं, पट्टे घट्ट ओढले, राफ्टपर्यंत नेलं आणि मधोमध बसवून दोरी हातात दिली, नुसती धरून बस म्हणाली.

सीताबाईने दोरी सोडली.

"मी काय सामान हाय?" ती म्हणाली. "मना वल्हं दे."

राफ्टमधली सगळी माणसं हसली. भाविका हसली नाही. तिने आपलं वल्हं आईला दिलं आणि स्वतःसाठी दुसरं घेतलं. राफ्ट काठावरून सुटली. सामान म्हणून मी एकटीच वाळूत उरले आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. वळणापलीकडून पाण्याच्या आवाजात भाविकाची हाक ऐकू येत होती, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांची वल्ही.

मित्रांनो, प्रवासाला बॅग घ्याल तेव्हा तिचा रंग शेवटी बघा. आधी मूठ ओढा, चाकं फिरवा, भरून उचला. घरी आल्यावर चाकांतली वाळू झाडा, चेनवर मेणबत्ती फिरवा, ओली असताना मिटू नका. आम्ही बॅगा एवढ्यावर फार वर्षं टिकतो. पण टिकून माळ्याखाली बसण्यात आम्हाला काही गोडी नाही. तेव्हा आज घरातली एखादी जुनी बॅग बाहेर काढा, पुसा, आणि घरात ज्या माणसाला अजून कुणी कधी 'चल' म्हटलेलं नाही, त्याच्यासमोर ती उघडून ठेवा.