पोळ्याच्या रांगेतली जागा

मी एक म्हातारा बैल आहे. कपाळावर पांढरा ठिपका आहे, म्हणून माझे नाव चांद्या. आता माझे गुडघे वाजतात आणि कडबा चघळायला फार वेळ लागतो. दात झिजले आहेत. राग मात्र झिजलेला नाही, मित्रांनो. आज पोळा आहे. गावाबाहेर गुरे जमतात त्या आखरावर तोरण बांधण्याची लगबग गोठ्यापर्यंत ऐकू येते, आणि मला तीच जुनी गोष्ट आठवते.

मी लहान गोऱ्हा होतो तेव्हा अर्जुनराव नावाच्या शेतकऱ्याने मला मलकापूरच्या बैलबाजारात घेतले. त्याने माझे दात पाहिले, खूर पाहिले आणि शेवटी कानामागे हळूच खाजवले. त्या खाजवण्यावर मी खूश झालो. घरी हरण्या नावाचा दुसरा बैल होता. त्याची माझी जोडी जमली. आमचे वावर काळ्या मातीचे होते. पावसात ती माती पाय धरून ठेवते. अशा मातीत काम करायला दम लागतो, आणि तो आमच्यात होता.

पण एका पावसाळ्यात अर्जुनराव तापाने गेला. मागे राहिली त्याची बायको, मनकर्णाबाई. मूलबाळ नव्हते. आता ही बैल विकणार, असे सगळे म्हणू लागले. ती मात्र एका सकाळी गोठ्यात आली आणि तिने आमच्या मानेवर जू ठेवले. पहिल्या दिवशी तिचा वखर सापासारखा वाकडा गेला. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून माणसे हसली. तिने मला तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचली नाही असे मी म्हणणार नाही. टोचली. पण दुपारी आधी आम्हाला पाणी पाजले आणि मग स्वतः प्याली. दुसऱ्या हंगामात तिचा वखर सरळ जाऊ लागला, तेव्हा हसणारे लोक दुसरीकडे पाहू लागले.

आता तुम्हाला आमच्याकडचा पोळा सांगतो. आदल्या दिवशी आमचे खांदे लोणी-हळदीने चोळतात. पोळ्याला शिंगे रंगवतात, पाठीवर झूल घालतात. संध्याकाळी साऱ्या जोड्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात आणि प्रत्येक जोडीपुढे तिचा धनी कासरा धरून उभा असतो; पाटलांनी तोरण तोडले, की जोड्या घरी जातात. कासरा म्हणजे आमची दोरी. आमच्या गावात असे मानतात, की पोळ्यात जो कासरा धरतो, जोडी त्याची. आणि ज्याची जोडी, त्याचे वावर.

बाईने कासरा धरायची रीत नव्हती. म्हणून मनकर्णाबाई आम्हाला सजवायची आणि तिचा दीर उकंडराव आम्हाला घेऊन रांगेत उभा राहायचा. लोक म्हणायचे, "उकंडरावची जोडी काय देखणी हाय बाप्पा!" तोही मिशीला हात लावायचा. काही वर्षांनी तो वावरातल्या बांधावर उभा राहून सांगू लागला, "औंदा इथं तूर टाकतो म्हन्तो मी." मनकर्णाबाईने ते ऐकले. त्या दिवशी तिने आम्हाला चारा आपटून टाकला.

आमचे वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारात होते आणि साऱ्या देशात स्वातंत्र्याचे वारे होते. त्या वर्षी पोळ्याच्या थोडे आधी मलकापूरहून नारायणराव वकील गावात भाषणाला आले. त्यांना आणायला दमणीला, म्हणजे हलक्या बैलगाडीला, आम्हालाच जुंपले होते. भाषण फार चांगले झाले. स्वातंत्र्य येणार, माणूस तितका सारखा, कष्ट करणाऱ्याला त्याचा हक्क मिळालाच पाहिजे, असे ते म्हणाले. सगळ्यांत मोठ्या टाळ्या उकंडरावने वाजवल्या.

परत निघताना दमणी मनकर्णाबाईने हाकली, कारण उकंडराव लोकांत रमला होता.

"वा बाई! तुम्ही गाडीही हाकता?" वकीलसाहेब म्हणाले.

"गाडी हाकते, वखर हाकते. साहेब, एक इचारू काय? तुमच्या हक्कात बाया येतात काय?"

"येतात तर! सगळे येतात."

"मंग मी पोळ्यात माह्या बैलायचा कासरा धरू काय?"

वकीलसाहेब हसले. "बाई, ही गावची रीतभात. त्यात आम्ही कसे पडणार? आधी देश मोकळा होऊ द्या."

मलकापूर येईपर्यंत मनकर्णाबाईने आम्हाला फार जोरात पळवले. वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी दमणी धरून ठेवली होती.

पोळ्याच्या संध्याकाळी ती डोक्यावर पदर घेऊन, हातात कासरा धरून आखरावर आली. वाजंत्री एकदम थांबली.

रांगेत शेषराव उभा होता. तो आमचा शेजारी. त्याचा बैल आजारी पडला तेव्हा मनकर्णाबाईने हरण्याला त्याच्या वावरात पाठवले होते. त्याने आपली जोडी हातभर सरकवली असती, तर आम्हाला जागा झाली असती. तो आपल्या पायांकडे पाहत राहिला.

पोळ्यात झडत्या म्हणतात, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणारी गाणी. गर्दीतून एक जण ओरडला:

"चूल पडली थंडी, भाकर नेली कुत्र्यानं,
बाई धरे कासरा, लुगडं नेसावं बाप्यानं!"

सगळे हसले. मनकर्णाबाईने हसणे संपू दिले आणि मोठ्याने म्हटले:

"वखर हाकला उन्हात, तवा नाई दिसलं कोनी,
तोरन बांधलं आंब्याचं, तं गावभर झाले धनी!"

पुन्हा सगळे हसले. पण या वेळी उकंडराव हसला नाही. "वहिनी, लोक पाहून राह्यले. कासरा द्या मले," तो म्हणाला.

"लोकायले पाहू द्या, भाऊजी. म्हनूनच आले मी."

शेवटी भगवानराव पाटील पुढे आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त लवकर तोरण तोडून घरी पुरणपोळी खायची होती. ते म्हणाले, "भांडू नका बे सनासुदीचं. बैलापुढं बाप्या मानूस पाह्यजे, एवढीच रीत हाय. उकंड, तुह्या पोराले आन. तो कासरा धरीन, बाई मागून चालन. झालं!"

उकंडरावचे पोर आणले. ते नुकतेच चालायला लागले होते. त्याच्या तोंडात गुळाचा खडा होता. त्याच्या हातात कासरा दिला, तर त्याने तोही तोंडात घातला.

"पाटील, याले अजून नाक पुसता येत नाई," मनकर्णाबाई म्हणाली.

"तरी बाप्या हाय ना!" मागून कोणीतरी बोलले.

आणि मित्रांनो, सगळ्यांना ते पटले! माणसांची ही अक्कल मला आजवर कळली नाही. आमच्यात जो ओढतो, त्यालाच आम्ही बैल म्हणतो.

मनकर्णाबाईने पोराच्या तोंडातून कासरा काढला, त्याचे तोंड पदराने पुसले आणि त्याला बापाकडे दिले. "याचा काई दोष नाई," ती म्हणाली. "पन ज्या रांगेत मी नाई, तिथं माही जोडी उभी राहनार नाई. आन् भाऊजी, साऱ्या गावासमोर सांगते. बैल माहे, वावर माहं. उद्या धुऱ्यावर पाय ठेवान, तं इचारून ठेवा."

ती आम्हाला घेऊन परत फिरली. मागे 'हर हर महादेव'चा गजर झाला, तोरण तुटले, जोड्या उधळत घरी गेल्या. आमच्या शिंगांचा रंग कोणी नीट पाहिलाही नाही. घरी तिने एकटीने आमची पूजा केली आणि पुरणपोळी खाऊ घातली. माझ्या तोंडाला चव नव्हती. हरण्याने मात्र माझ्या वाट्याचीही खाल्ली.

उकंडराव पुन्हा त्या वावरात तूर टाकायला आला नाही. पोळ्यात तो कासरा धरायला उभा नव्हता, हे साऱ्या गावाने पाहिले होते. वावर राहिले. जागा मिळाली नाही.

पुढे देश स्वतंत्र झाला. चावडीवर झेंडा लागला, पेढे वाटले. त्यानंतर लगेच पोळा आला. ती पाटलांना विचारायला गेली. पाटील म्हणाले, "औंदा नको बाई, औंदा मोठा सन हाय. पुढच्या साली पाहू." पुढच्या साली पाऊस कमी होता, म्हणून नको. त्याच्या पुढच्या साली पाऊस जास्त होता. हरण्या वाट पाहून मरून गेला. मी अजून वाट पाहतो आहे, आणि मला आता पाहवत नाही.

मित्रांनो, मी मुका प्राणी. भाषण मला येत नाही. पण भाषणे वाहून नेण्याचे काम मी केले आहे, आणि एवढे सांगू शकतो, की टाळ्या वाजवायला काहीच लागत नाही. हातभर सरकायला मात्र माणसाचे पाय जड होतात.

आत्ता मनकर्णाबाई माझ्या शिंगांना तेल लावते आहे. तिचे केस पांढरे झाले आहेत. माझ्या जोडीला तिने नवा गोऱ्हा आणला आहे. तो उगाच नाचतो आहे, त्याला काही माहीत नाही. थोड्या वेळाने, या साली कोणालाही न विचारता, ती कासरा हातात घेईल आणि आम्ही तिघे आखराकडे निघू. तुमच्यातले काही जण तिथे बापाचा किंवा काकाचा हात धरून उभे असतील. कोणी हसेल, कोणी झडती म्हणेल. तुम्ही पायांकडे पाहू नका. आपल्या माणसाचा सदरा ओढा आणि सांगा, "बाबा, जरा सरका ना. त्यायची जोडी उभी राहू द्या."