शनिवारचा डबा

बुधवारी दुपारी लाँड्रीचा मालक स्वतः खाली आला, तेव्हाच खजिनदारणीच्या मनात पाल चुकचुकली. एरवी हा माणूस वरच्या काचेच्या खोलीतून उतरायचा तो फक्त शनिवारी, पगाराची पाकिटं घेऊन. शिवाय वाईट बातमी सांगायची असली की आधी यंत्रांचं कौतुक करायची त्याला सवय होती. "रोलर झकास चाललाय," तो म्हणाला, आणि त्याच दमात सांगून टाकलं की या शनिवारपासून पाकीट बंद. आता पगार महिन्याचा, महिनाअखेरीला, थेट बँकेत. त्यासाठी एका कागदावर सगळ्यांच्या सह्या हव्यात.

महिना तर नुकता कुठे लागला होता.

हॉटेलांच्या चादरी, टॉवेल आणि उशांचे अभ्रे धुऊन देणारी ती लाँड्री. गरम रोलरमधून चादर बाहेर आली की दोघींनी चार टोकं धरायची, ताणायची, एकमेकींकडे चालत जायचं आणि घडी घालायची. दिवसभर हेच. इतक्या चादरी हाताखालून जायच्या, पण अंथरूण पाहून पाय पसरायचे म्हणजे नक्की किती, हे एकीलाही समजलं नव्हतं, असं घडीमावशी म्हणायची. घडीमावशी सगळ्यांत जुनी. तिच्या घडीची कड इतकी सरळ की त्यावर बोट कापेल.

खजिनदारीण हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बायांची भिशी होती, ती सांभाळायची ही, म्हणून ते नाव पडलं. शनिवारी पाकिटं हातात पडली की बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा फिरायचा, प्रत्येकीने ठरलेली रक्कम टाकायची आणि जिचा नंबर असेल तिने सगळी उचलायची. चिठ्ठ्या टाकून नंबर ठरत. फक्त खजिनदारणीचा नंबर चिठ्ठीशिवाय, सगळ्यांत शेवटी. वाढणाऱ्याने शेवटी जेवावं, असं तिनेच पहिल्या वर्षी म्हटलं होतं, आणि मग तोच नियम होऊन बसला. आता बाकी सगळ्या जेवून उठल्या होत्या. कुणी दात बसवून घेतले होते, कुणी नवऱ्याची सायकल सोडवून आणली होती. येत्या शनिवारी हिचं पान मांडलं जाणार होतं, आणि नेमक्या त्याच शनिवारी चूल विझली.

तिला त्या पैशातून खोली घ्यायची होती. नवरा गेल्यापासून ती आणि तिची मुलगी तिच्या दादाकडे राहत होत्या. राहत होत्या म्हणजे काय, स्वयंपाकघरात झोपत होत्या. वहिनी तोंडाने कधी काही बोलली नाही. ती बोलायची भांड्यांशी, आदळून. आता वहिनीची आई कायमची राहायला येणार होती. दादाने ते सांगितलं तेव्हा तो हिच्याकडे न बघता नळाकडे बघत होता. "सोमवारपर्यंत बघ काहीतरी," म्हणाला. सख्खा भाऊ. रागवावं तर आजवर छप्पर त्यानेच दिलेलं, आणि न रागवावं तर पोटात नुसती आग.

खोली तिने पाहून ठेवली होती. चष्म्याच्या दुकानावरची, छोटीशी, पण दाराला आतून कडी होती. मुलगी ती खोली पाहायला गेली तेव्हा तिने ती कडी तीनचार वेळा लावून पाहिली. दुकानवाल्या बाईंनी शनिवारपर्यंत डिपॉझिट आणा म्हणून सांगितलं होतं. त्यांच्याकडे दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. लाँड्रीत सगळ्यांना हे ठाऊक होतं. "पहिला चहा आमचा हं," पावडरवाली रोज बजावायची. ही धुण्याच्या यंत्रांत साबण-पावडर टाकणारी, जिभेने मात्र नुसता दारूगोळा.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचं एकमत झालं. कुणीही सही करायची नाही. "महिनाभर काय वारा खाऊन राहायचं?" पावडरवाली म्हणाली. "याच्या घरी भूक महिन्याने लागत असेल, माझ्याकडे रोज लागते." फाटक्या चादरी शिवणारी शिलाईवाली कधी बोलायची नाही, तीसुद्धा म्हणाली, "सह्या नाहीत म्हणजे नाहीत." खजिनदारणीने मान हलवली. पण तिचं लक्ष कुठे होतं तिथे. पाकीट नाही म्हणजे भिशी नाही, भिशी नाही म्हणजे खोली नाही, एवढंच तिच्या डोक्यात गरगर फिरत होतं. आणि बायांनी तरी का द्यावं? सगळ्यांचे नंबर होऊन गेले होते. बुडणारी ती एकटीच. आपल्याजवळचं सगळं आधी वाटून टाकणाऱ्या माणसासारखं मूर्ख कुणी नसतं, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

हे तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. तिथेच चुकलं. तोंड उघडून नुसतं विचारलं असतं, बायांनो, माझ्या नंबराचं काय, तर ही गोष्ट झालीच नसती. पण इतके दिवस दुसऱ्याच्या घरात कोपऱ्यात झोपलेल्या बाईला मागायची सवय राहत नाही.

शुक्रवारी मालकाने तिला वर बोलावलं.

"बसा, बाई." मालक बसा म्हणाला की समजावं, गळ्यात काहीतरी पडणार. पण त्याचाही चेहरा उतरलेलाच होता. हॉटेलवाले आता बिलं महिनाअखेरीला चुकती करत होते, आणि हा दर शनिवारी उसनवारी करून पाकिटं भरत होता. "सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. ते तिला दिसत होतं, आणि म्हणूनच त्याच्यावर धड चिडताही येईना.

"तुमची सही वर असली की बाकीच्या करतील," तो म्हणाला. "त्यांचा तुमच्यावर विश्वास आहे."

"आम्ही ठरवलंय, करायची नाही म्हणून."

"मला माहीत आहे. तुमच्या खोलीचंही कळलंय." त्याने खण उघडून एक पाकीट टेबलावर ठेवलं. "डिपॉझिटपुरती उचल देतो. पगारातून हळूहळू कापू. फक्त खाली बोलू नका, नाहीतर सगळ्याच माझ्या दारात उभ्या राहतील. सगळ्यांना द्यायला माझ्याकडे नाही."

नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. तिचा हात उघडला. पेन हातात घेताना तिला मुलीचं कडी लावणं आठवलं. खालून रोलरची घरघर येत होती, घडीमावशी कुणाला तरी "ताण, ताण" म्हणत होती. खजिनदारणीने सही केली. नेहमीच्या वळणदार अक्षरात, जशी भिशीच्या वहीत करायची तशी.

संध्याकाळी मालकाने कागद खाली फिरवला. बाया एकमेकींकडे बघत राहिल्या. पावडरवालीने कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग घडीमावशी म्हणाली, "खजिनदारणीने केलीय म्हणजे विचार करूनच केली असेल," आणि तिने सही केली. मागोमाग बाकीच्यांनी. खजिनदारीण त्या वेळी चादरींच्या गठ्ठ्याआड होती. तिथे तिला काहीच काम नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिने डिपॉझिट भरून किल्ली घेतली. मुलीने दोन फेऱ्यांत सामान हलवलं. दादाने गादी खांद्यावर घेतली आणि जिन्यापर्यंत आणून दिली, आणि बहिणीच्या डोक्यावर हात ठेवला. वहिनीने तर चक्क एक नवं पातेलं दिलं. माणसं जाताना किती चांगली होतात.

शनिवारी पाकिटं आली नाहीत. काम सुटल्यावर खजिनदारीण घाईघाईने एप्रन काढत होती. डबा कपाटात होता, आणि तो तिने बाहेर काढला नव्हता.

"अगं, डबा कुठाय?" घडीमावशीने विचारलं.

"आज कसला डबा, मावशी. पगार कुठे झालाय?"

"पगार मालकाचा. भिशी आपली आहे." घडीमावशीने स्वतःच कपाट उघडलं आणि डबा रोलरच्या टेबलावर ठेवला. "आज तुझा नंबर. सोमवारी तुला घर सोडायचंय, ते काय आम्हाला माहीत नाही?"

डबा फिरला. पावडरवालीने पैसे टाकले. "सासूपुढे हात पसरला गं तुझ्यापायी," म्हणाली. "आता वर्षभर ऐकून घ्यायचंय." शिलाईवालीने मुलाच्या शाळेची फी ठेवली होती, ती टाकली, शाळेला म्हणे महिनाअखेरीला देते म्हणून सांगितलंय. एकेक करून सगळ्यांनी टाकले. घडीमावशीने सगळ्यांत शेवटी हात पुढे केला. त्या हातात कायम असायची ती बारीक सोन्याची बांगडी नव्हती. मनगटावर नुसता पांढरा पट्टा उरला होता.

खजिनदारणीच्या एप्रनच्या खिशात खोलीची किल्ली होती. तिने तो खिसा मुठीत दाबून धरला.

"मला नको," ती म्हणाली.

"पुरे झाला मानपान," पावडरवाली म्हणाली. "घे मुकाट."

"आणि महिनाअखेरीपर्यंत तुम्ही सगळ्या काय खाणार?"

"ते तूच सांग," घडीमावशी सहज म्हणाली. "सही केलीस तेव्हा काहीतरी हिशेब मांडला असशीलच ना. तू म्हणशील तसं करू."

त्या बोलण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. खजिनदारणीला वाटलं, आत्ता रडू यावं म्हणजे बोलावं लागणार नाही. पण रडूही आलं नाही.

"मी काही हिशेब मांडला नव्हता," ती म्हणाली. "मालकाने मला उचल दिली. डिपॉझिटची. त्यासाठी मी सही केली." मग तिने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "खोली कालच घेतली. मला वाटलं, पगार नाही तर तुम्ही कुठून देणार. मला वाटलं, तुमचे नंबर झालेत."

पावडरवालीने किल्ली उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली, आणि परत ठेवली. शिलाईवाली डब्याकडे बघत राहिली.

"आपापले परत घ्या," खजिनदारीण म्हणाली. "पाया पडते. मावशी, बांगडी सोडवून आणा आजच."

घडीमावशीने डब्यातले पैसे एका अभ्र्यात ओतले आणि अभ्र्याचं तोंड बांधून तो खजिनदारणीच्या हातात दिला. गाठ नीट बसली.

"नंबर तुझा होता. टाकलेले परत घ्यायची पद्धत नाही आपल्यात," ती म्हणाली. मग रिकाम्या डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि डबा काखेत मारला. "डबा मात्र आता माझ्याकडे राहू दे."

बाया चपला घालून निघाल्या. त्यांना थांबवावं, अभ्रा पुन्हा त्यांच्यापुढे टाकावा, असं तिला फार वाटलं. पण कुठल्या तोंडाने. ती तशीच वर काचेच्या खोलीपाशी गेली. पैसे परत करून सही खोडून मागायची होती. खोलीला कुलूप होतं, आणि आत टेबलावर तो कागद दिसत होता.

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत मुलीने जमीन पुसून ठेवली होती. आई आत येताच तिने दाराला कडी लावली आणि त्यावर हसली. स्टोव्हवर वहिनीच्या पातेल्यात पाणी उकळत होतं.

"उद्या रविवार आहे," मुलगी म्हणाली. "तुझ्या लाँड्रीच्या सगळ्या मावश्यांना बोलवायचं ना चहाला? खालच्या बाई कप देते म्हणाल्यात. किती आणू?"

खजिनदारीण अभ्रा मांडीवर घेऊन गादीच्या कडेला बसली होती. घडीमावशीची गाठ तिने अजून सोडली नव्हती.

"आपले दोन आहेत," ती म्हणाली. "तेवढे पुरेत."