सेहेचाळिसावं पान

आमच्या वहीची पानं छापील क्रमांकांची असत आणि एकही पान फाडायचं नाही, हा लघुलेखक म्हणून लागले त्या दिवशी शिकवलेला पहिला नियम. अध्यक्ष "पेन्सिली खाली" म्हणाले की पेन्सिल टेबलावर आडवी ठेवायची आणि ते उचला म्हणेपर्यंत हात मांडीवर, हा दुसरा. आणि बंद खोलीतल्या बैठकीत जे ऐकलं ते त्या दिवसापासून पंचवीस वर्षं कुणाला सांगायचं नाही, हा तिसरा. शपथ घेताना मी तेवीस वर्षांची होते. पंचवीस वर्षं म्हणजे किती, हे मला कुठून कळणार?

मी सांगतेय ती बैठक त्यानंतर वीसेक वर्षांनी झाली, परदेशी विमानांची. एका परदेशी कंपनीला आपल्याकडे आठवड्याला सातऐवजी चौदा उड्डाणं हवी होती. मंत्र्यांनी नाही म्हटलं. का नाही, ते कुणाला धड सांगता येईना. लांबच्या देशांत राहणाऱ्या लेकी-लेकांकडे जाणाऱ्या म्हाताऱ्यांना सहा सहा महिने तिकीट मिळत नव्हतं. वर्तमानपत्रांनी ओरड केली आणि संसदेच्या समितीनं चौकशी लावली. तीन दिवस, बंद दाराआड.

त्या फायलीवरची पहिली टिपणी माझ्या सख्ख्या मोठ्या भावाची होती. दादा विमान खात्यात कक्ष अधिकारी. वहिनी त्याला कायम चिडवायची, "सगळं जग उडवलंत कागदावर, आम्हाला एकदा जिन्यापर्यंत तरी न्या." जेवताना त्यानंच सांगितलं होतं, "परवानगी द्या म्हणून लिहिलंय मी. सहा पानं. एक आकडा चुकीचा निघाला तर मिशी काढीन."

माझं आडनाव लग्नानंतरचं. कार्यालयात नातं कुणाला ठाऊक नव्हतं. मी ते सांगायला हवं होतं. पण त्या आठवड्यात आमच्यातले तिघं तापानं आडवे होते, आणि मला वाटलं, लिहिणार हात, हाताला कसलं नातं! माझी चूक तिथून सुरू होते.

समितीच्या खोलीला एकामागे एक अशी दोन जाड दारं होती. दोन्ही बंद झाली की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. आम्ही दोघी आळीपाळीनं दहा दहा मिनिटं लिहायचो. आत जायचं, आवाज न करता शेजारी बसायचं. आधीपासून बसलेली तिच्या कोपरानं आपलं कोपर दाबायची. त्या क्षणापासून पुढचं वाक्य आपलं, मग मान वर करायची नाही.

बाहेर बाकावर दादा बसलेला असायचा, बोलावलं तर असावा म्हणून. मांडीवर रिकामी पिशवी. तीन दिवसांत त्याला कुणी बोलावलं नाही. मी दर वीस मिनिटांनी त्याच्यासमोरून आत जायचे आणि तो शहाण्यासारखा भिंतीकडे बघायचा.

दुसऱ्या दिवशी विमान खात्याचे सचिव नोंदीवर म्हणाले, "नकार आमच्या कक्षाचाच होता, साहेब. कक्ष अधिकाऱ्याची टिपणीच प्रतिकूल होती."

मी ते लिहिलं. पेन्सिल अडखळलीसुद्धा नाही. माझी पाळी संपली, बाहेर आले, तर दादा ओठ न हलवता पुटपुटला, "ठीक चाललंय ना?"

"पाणी पी," मी म्हटलं आणि पुढे गेले.

पुन्हा आत गेले तर माझी जोडीदारीण, जिला आम्ही चष्मेवाली म्हणायचो, कोपर न दाबताच उठून गेली. मला वाटलं, विसरली. सचिव बोलत होते. मी मान खाली घालून लिहायला लागले. "खरं सांगायचं तर कक्षाची टिपणी अनुकूल होती. सहा पानं होती. मंत्रीसाहेबांचा फोन आला आणि टिपणी बदलून घ्यावी लागली. ती सहा पानं आता फायलीत नाहीत."

मग कुणीच बोलेना. मी वर पाहिलं. अकराच्या अकरा सदस्य माझ्या हाताकडे बघत होते.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "पेन्सिली खाली आहेत."

मी दोन दारांच्या मधे असताना त्यांनी ते म्हटलं होतं.

बैठकीनंतर त्यांनी मला वही घेऊन दालनात बोलावलं. एखादं पान रद्द करायचं तर त्यावर लाल रेघ आणि शेजारी अध्यक्षांची सही लागते. त्यांनी पेन उघडलं, मग थांबले.

"सही केली म्हणजे हे बोललं गेलं, असं मीच लिहून दिल्यासारखं होईल."

"हो, साहेब."

"आणि नाही केली तर?"

"तर पान राहील. पण तुमच्या हुकमाशिवाय टाइप होणार नाही."

"मुद्दाम लिहिलंत?"

"नाही, साहेब. दारात होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. तेव्हाच बोलायला हवं होतं, की साहेब, तो अधिकारी माझा भाऊ आहे, हे टाइप करायला सांगा. पण भाऊ म्हटलं की मुद्दाम लिहिलं हे सिद्धच झालं असतं. पानही खोटं ठरलं असतं आणि दादाही. न बोलावं तर पान वहीत मिटून पडणार. दोन्हीकडून दार बंद. मी दालनातल्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. शेवटी त्यांनी पेन खिशाला लावलं. "वही मिटा."

अहवालात आलं, "कक्षाच्या प्रतिकूल टिपणीमुळे." दादाची बढती थांबली. त्याला जुन्या फायलींच्या गोदामात पाठवलं. निवृत्तीपर्यंत तो तिथेच होता.

त्यानं मला एकदाच विचारलं, तेही चप्पल घालता घालता. "आत कुणी एक तरी खरं बोललं का गं?"

"मला विचारू नकोस, दादा."

त्यानं ते 'नाही' असं ऐकलं. त्याचा चेहरा पडला तो मी पाहिला आणि गप्प राहिले. वहिनी मात्र दर सणावाराला टोमणा मारायचीच. "वन्सं, तुमच्या तोंडाला सरकारनं शिक्का मारून दिलाय वाटतं." ती गेली तेव्हाही मला मोकळं होता आलं नाही. आठ वर्षं उरली होती.

गेल्या महिन्यात मुदत संपली. तिसऱ्या दिवशी मी अभिलेखागारात गेले. टाइप केलेल्या प्रतीत त्या जागी एवढंच होतं, 'येथे नोंद थांबवली.' वही मागवली. खिडकीवरच्या बाईंनी सेहेचाळिसावं पान उलटसुलट करून पाहिलं.

"आजी, ही कसली गिचमीड? हे आता कुणालाच वाचता येत नाही."

"मला येतं. अक्षर माझंच आहे."

त्यांनी छायाप्रत दिली. मी तशीच रिक्षा करून दादाकडे गेले. तो एकोणऐंशीचा आहे, कमी ऐकतो, सुनेनं खिडकीशी खुर्ची लावून दिली आहे. मी त्याच्या कानाशी बसून वाचलं.

"परत वाच," तो म्हणाला. मी परत वाचलं. "सहा पानं म्हणाले? आकडा सांगितला?"

"सहा."

त्यानं बराच वेळ नाक शिंकरलं. मग म्हणाला, "हे तुला इतकी वर्षं पाठ होतं?"

"हो."

"आणि तुझी वहिनी तुला इतकं बोलायची, ते ऐकून घेत होतीस?"

"काय करणार?"

माझ्या हातातला कागद घेऊन तो त्या रेघांवरून बोट फिरवत राहिला, उलटा धरून. मी तो सुलटा केला.

"साध्या अक्षरात लिहून दे," तो म्हणाला. "पोरांना वाचता आलं पाहिजे."

सुनेनं पेन्सिल आणली. मी पहिला शब्द लिहिला तोच त्यानं कागदावर बोट आपटलं.

"वर तारीख घाल आधी. आणि समास सोड."